मिकीच्या गावात, केबिनच्या भावात

डिस्ने वर्ल्डच्या कॅम्पग्राऊंडवरची केबिन घ्यायची, की साधं हॉटेल? सहा माणसं, एक बाथरूम आणि बरेच डॉलर यांचा हा हिशोब.

अमेरिकेत मुलगा किंवा मुलगी स्थायिक असली की आई-बाबांच्या ट्रिपचा नकाशा साधारण ठरलेला असतो. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन आणि घरात नातवंडं असतील तर ऑरलँडो. बाकीची ठिकाणं एका दिवसात उरकतात. ऑरलँडोला मात्र तीन-चार दिवस मुक्काम लागतो, आणि मुक्काम म्हटला की फॅमिली ग्रुपवर वादाला तोंड फुटतं.

आमच्या घरात सध्या तेच चालू आहे. आतेभाऊ अटलांटात असतो. तो, वहिनी आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी. उन्हाळ्याआधी आत्या आणि काका पुण्याहून त्यांच्याकडे जाणार आहेत, आणि टेक्सासला एमएस करणारी ताईसुद्धा चार दिवस सुट्टी काढून येणार आहे. एकूण सहा. हे सहा जण एका छपराखाली शेवटचे जमले त्याला साडेतीन वर्षं झाली. दादाने एका केबिनचा फोटो पाठवला, खाली लिहिलं, 'ही घेऊ का?' आणि रिसर्चचं काम माझ्या गळ्यात आलं. 'तू जर्नालिझम करतेस ना, मग शोध घे!' तर हा तो शोध. तुमच्याही घरात कोणी असाच प्लॅन करत असेल, तर कात्री घेऊन कापून ठेवा किंवा सरळ फोटो काढून ग्रुपवर टाका.

आधी जागा समजून घ्या

फोटोतली केबिन आहे 'फोर्ट वाइल्डरनेस'मध्ये. फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ ला सुरू झालं आणि हे कॅम्पग्राऊंड त्याच वर्षी नोव्हेंबरात. म्हणजे डिस्ने वर्ल्डमधल्या सगळ्यात जुन्या मुक्कामांपैकी हा एक. सुमारे साडेसातशे एकरांचा परिसर, पाईन आणि सायप्रसची झाडी, शेजारी बे लेक नावाचा तलाव. हा तलाव नैसर्गिक आहे. त्याला लागून असलेलं 'सेव्हन सीज लगून' मात्र माणसांनी खणलेलं.

'कॅम्पग्राऊंड' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर पवना लेकच्या काठचे तंबू आणि बार्बेक्यूचा धूर येतो. इथला प्रकार वेगळा आहे. इथे शेकडो आखीव जागा आहेत. कुणी तंबू ठोकतं, कुणी आपली घरासारखी सोयीची आरव्ही गाडी आणून उभी करतं, आणि ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांच्यासाठी केबिन्स. एके काळी इथे छोटी वाफेची आगगाडी धावायची, ती १९८० च्या सुमारास बंद झाली. १९७६ मध्ये इथेच डिस्नेचं पहिलं वॉटरपार्क सुरू झालं, 'रिव्हर कंट्री'. तेही २००१ नंतर उघडलं नाही. आता तलाव फक्त बघायचा आणि बोटीने ओलांडायचा. त्यात पोहायला परवानगी नाही.

नेटवर बघताना एक काळजी घ्या. जुन्या केबिन्स ओंडक्यांच्या घरासारख्या दिसायच्या. त्या काढून तिथे नव्या उभ्या केल्या आणि त्या जुलै २०२४ पासून खुल्या झाल्या. या नव्या केबिन्स मोठ्या खिडक्यांच्या, सुटसुटीत, मॉडर्न आहेत. त्यामुळे एखादा व्हिडिओ बघून 'काय मस्त जंगलातलं घर आहे!' असं वाटलं, तर आधी व्हिडिओची तारीख बघा. ते घर आता तिथे नसण्याची शक्यता बरीच आहे.

आत काय मिळतं?

नव्या केबिनमध्ये सहा जणांची झोपायची सोय आहे. बेडरूममध्ये एक क्वीन बेड आणि एक बंक बेड, तर बाहेरच्या खोलीत भिंतीतून खाली ओढायचा आणखी एक मोठा बेड. पूर्ण स्वयंपाकघर आहे. शेगडी, फ्रिज, मायक्रोवेव्ह, भांडी धुण्याचं मशीन, सगळं. बाहेर बसायला डेक, त्यावर ग्रिल. दाराशी आपली गाडी लावायला जागा.

आणि बाथरूम एक.

हे वाक्य व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवलं तेव्हा दोन मिनिटं कुणी बोललं नाही. मग काका म्हणाले, 'एवढे पैसे आणि बाथरूम एकच? सकाळी टोकन वाटणार का?' काका एसटीत होते, रांगेचं व्यवस्थापन त्यांना शिकवायची गरज नाही. पण मुद्दा बरोबर आहे. डिस्नेच्या आवारात राहणाऱ्यांना पार्कमध्ये अर्धा तास लवकर प्रवेश मिळतो. त्या अर्ध्या तासाचा फायदा घ्यायचा तर सहाही जणांना पहाटे आवरायला हवं. एका बाथरूमवर ते गणित बसवून बघा.

झोपेचंही गणित आहे. बेडरूम एकच असल्यामुळे दोघांना बाहेरच्या खोलीत झोपावं लागणार. म्हणजे तो बेड खाली ओढला की रात्रीच्या गप्पांची बैठक बंद. बंक बेडवर वरती ताई आणि खाली भाची हे ठरलंय, कारण आत्याचे गुडघे शिडी चढणारे नाहीत.

पर्याय कोणते?

केबिन महाग की स्वस्त, हे नुसती केबिन बघून कळत नाही. तिच्यासमोर काय काय उभं आहे, ते बघायला हवं.

पहिला पर्याय म्हणजे डिस्नेच्याच स्वस्त गटातल्या हॉटेलात दोन खोल्या. एका साध्या खोलीत चार जण मावतात, त्यामुळे सहा जणांना दोन घ्याव्या लागतात. बाथरूम दोन मिळतात, पण कुटुंब दोन दारांआड विभागलं जातं.

दुसरा, फॅमिली स्वीट. 'आर्ट ऑफ ॲनिमेशन' आणि 'ऑल-स्टार म्युझिक' या हॉटेलांत सहा जणांचे स्वीट्स आहेत. त्यांत बाथरूम दोन, पण स्वयंपाकघर नावापुरतं. मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज, शेगडी नाही. आर्ट ऑफ ॲनिमेशनचा मोठा फायदा म्हणजे तिथून 'स्कायलायनर' हा रोपवे एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजकडे जातो.

तिसरा पर्याय डिस्नेच्या बाहेरचा. शेजारच्या किसिमी भागात सुट्टीसाठी भाड्याने मिळणारी मोठी घरं आहेत, तीन-चार बेडरूम्सची, कित्येकदा स्वतःच्या स्विमिंग पूलसह. काकांचं मत या बाजूने आहे. पण तिथे राहिलं की लवकर प्रवेश नाही आणि पार्कबाहेर गाडी लावायचे दिवसाला पैसे वेगळे. आवारात राहणाऱ्यांना ते पार्किंग फुकट असतं.

आकडे मांडून बघू

डिस्नेचे दर तारखेनुसार बदलतात. शाळांच्या सुट्ट्या, लाँग वीकएंड, नाताळ अशा वेळी भाव चढतो. त्यामुळे खालचे आकडे फक्त हिशोब कसा करायचा ते दाखवायला, 'समजा' म्हणून घेतलेत. तुमच्या तारखांचे खरे आकडे तिथे घाला.

समजा, केबिन रात्रीला ६०० डॉलर. डिस्नेचा हा भाग ज्या ऑरेंज काउंटीत येतो तिथे राहण्याच्या भाड्यावर एकूण साडेबारा टक्के कर बसतो. म्हणजे झाले ६७५. समजा, स्वस्त हॉटेलातली एक खोली २०० डॉलर. दोन खोल्यांचे ४००, करासकट ४५०. फरक रात्रीला २२५ डॉलर. तीन रात्रींचे ६७५. काकांनी लगेच रुपयांत गुणाकार केला आणि चष्मा काढून ठेवला.

पण खरा प्रश्न या २२५ डॉलरच्या पुढे सुरू होतो. हे जास्तीचे पैसे कशाचे? झाडीचे, डेकचे, स्वयंपाकघराचे आणि एकत्र बसायच्या जागेचे. मग या सगळ्याचा उपयोग तुम्ही किती तास करणार? सकाळी साडेसातला निघालात आणि रात्री फटाके बघून साडेदहाला परत आलात, तर केबिनमध्ये जागेपणी तुम्ही जेमतेम दोन तास असता. त्यातला एक तास बाथरूमच्या रांगेत. अशा ट्रिपसाठी केबिन घेणं म्हणजे झोपायला महागडी गादी घेणं. त्यापेक्षा दोन खोल्या घ्या आणि वाचलेल्या पैशांत मजा करा.

उलट, एक दिवस पार्कला जायचंच नाही असं ठरवलं, तर त्या एका दिवसात केबिन बारा-चौदा तास वापरली जाते. शिवाय त्या दिवशीच्या तिकिटाचे पैसे वाचतात. डिस्नेच्या पार्कचं एका दिवसाचं एका माणसाचं तिकीट शंभर डॉलरच्या वर असतं, आणि त्यांच्या हिशोबात दहा वर्षांपासून पुढचा प्रत्येक जण मोठा. आमच्याकडे पाच मोठे आणि एक लहान, तिलाही तिकीट आहेच. तीन वर्षांच्या आतलं मूल तेवढं फुकट. जास्त दिवसांचं तिकीट घेतलं की रोजचा दर उतरतो, म्हणून एक दिवस कमी केल्याने पूर्ण सहाशे वाचत नाहीत. पण केबिनमुळे वाढलेल्या खर्चातला बराच भाग तिथून निघू शकतो.

पार्कला न जाता दिवसभर करायचं काय?

फोर्ट वाइल्डरनेसचं वेगळेपण इथे कळतं. 'ट्राय-सर्कल-डी' नावाचा घोड्यांचा तबेला इथेच आहे. मॅजिक किंगडमच्या मेन स्ट्रीटवर गाडी ओढणारे घोडे इथे राहतात. स्विमिंग पूल आहे, सायकली भाड्याने मिळतात. संध्याकाळी शेकोटीभोवती चिप आणि डेल या खारींसोबत गाणी, मार्शमेलो भाजणं आणि मग उघड्यावर सिनेमा. याला तिकीट नाही, मार्शमेलो तेवढे आपले न्यायचे. तलावाच्या काठावरून मॅजिक किंगडमचे फटाके दिसतात. त्यानंतर पाण्यावरून दिव्यांचे मासे, कासवं, ड्रॅगन यांची तरंगती मिरवणूक जाते. ही मिरवणूक १९७१ पासून आहे, आणि तीसुद्धा फुकट.

पैसे खर्च करायचेच असतील तर 'हूप-डी-डू' हा जेवणासोबतचा गाण्या-विनोदाचा कार्यक्रम आहे, १९७४ पासून चालू. तळलेलं चिकन आणि रिब्ज हा तिथला मुख्य मेन्यू. घरात कुणी शाकाहारी असेल तर बुकिंग करतानाच सांगून ठेवा.

पाच वर्षांची नात आणि सत्तरीकडे झुकलेले आजी-आजोबा या दोघांनाही सारखीच आवडेल अशी संध्याकाळ पार्कच्या गर्दीत मिळणं अवघड. इथे ती मिळू शकते.

अंतर हा खरा अडथळा

आता गैरसोय. ही जागा अवाढव्य आहे आणि आत गाड्यांनी फिरायचं नाही. आपली गाडी आपल्या केबिनपाशी लावायची. तिथून स्विमिंग पूल, दुकान किंवा तलावाचा धक्का गाठायचा तर आतल्या बसने जायचं. बहुतेक केबिन्स धक्क्यापासून लांब आहेत. म्हणजे मॅजिक किंगडमला जायचं तर आधी आतली बस, मग बोट. दुसऱ्या पार्क्सना डिस्नेच्या बसने जायचं तरी आधी आतली बस आणि मग दुसरी. हॉटेलात राहिलं की दारातून सरळ पार्कची बस मिळते, इथे हा एक टप्पा वाढतो. दुपारी कंटाळलेल्या मुलीला घेऊन 'जरा झोपवून आणू' म्हटलं, तर जाण्या-येण्यातच दुपार संपते.

आत फिरायला गोल्फ कार्ट भाड्याने मिळते. तिचं भाडं वेगळं, ती चालवायला लायसन्स लागतं आणि ती आधी बुक करावी लागते. ती फक्त कॅम्पग्राऊंडच्या आत चालते, पार्कपर्यंत नाही. पण आत्याच्या गुडघ्यांसाठी ही चैन नाही, गरज आहे. केबिनच्या हिशोबात गोल्फ कार्टचं भाडं पहिल्याच दिवशी मिळवा, नंतर 'लागलं तर घेऊ' असं म्हणू नका.

गाडीने येणाऱ्यांसाठी हा त्रास अर्धा होतो. अटलांटाहून ऑरलँडो साधारण सातशे किलोमीटर, सहा-सात तासांचा ड्राइव्ह. दादा गाडी घेऊनच येणार. मग एपकॉट किंवा ॲनिमल किंगडमला थेट केबिनच्या दारातून गाडीने जाता येतं. मॅजिक किंगडमला मात्र बोटच बरी, कारण तिथे गाडी घेऊन गेलात तर ती लांब लावून पुढे मोनोरेल किंवा फेरीबोट घ्यावीच लागते. फोर्ट वाइल्डरनेसची बोट गेटजवळ सोडते.

विमानाने येणार असाल आणि गाडी भाड्याने घेणार नसाल, तर मात्र केबिनचा विचार दोनदा करा. एअरपोर्टहून डिस्नेची जी मोफत बस होती, ती २०२१ संपता संपता बंद झाली.

हवेचंही बघा. ऑरलँडो साधारण दिल्लीच्या अक्षांशावर आहे, पण जून ते सप्टेंबरची हवा कोकणाची आठवण करून देणारी. दमट ऊन आणि दुपारी विजांसह सर. विजा चमकू लागल्या की बोटी थांबतात. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. जंगलातल्या डेकवर चहा घ्यायचं स्वप्न असेल, तर फेब्रुवारी-मार्च किंवा नोव्हेंबरअखेर बरी.

आणि पोळ्या कोण लाटणार?

केबिनच्या बाजूने सगळ्यात जास्त दिला जाणारा मुद्दा म्हणजे स्वयंपाकघर. 'बाहेरचं खाऊन कंटाळा येतो, घरी वरणभात करता येईल.' हे वाक्य आमच्याकडे दादा म्हणाला. त्यावर आत्या शांतपणे म्हणाली, 'करता येईल म्हणजे कोण करणार? मी सात समुद्र ओलांडून पोळ्या लाटायला येत नाहीये हं.' वहिनीने स्क्रीनच्या कोपऱ्यातून अंगठा दाखवला.

मला वाटतं, केबिनच्या हिशोबात हा रकाना कुणीच लिहीत नाही. स्वयंपाकघरामुळे वाचणारे डॉलर दिसतात, पण ते वाचवायला कुणाची सुट्टी खर्ची पडते ते दिसत नाही. चाळीस वर्षं शाळा आणि डबे सांभाळलेली आत्या आणि ऑफिस-पाळणाघर करणारी वहिनी, या दोघींनी फ्लोरिडात जाऊनही ओट्याशीच उभं राहायचं असेल, तर ती सुट्टी बाकीच्या चौघांची झाली.

म्हणून आमच्या ग्रुपवर लेखी करार झालाय. सकाळचा नाश्ता दादाकडे, कारण पोहे आणि अंडी त्याला येतात. दुपारचं बाहेर. रात्री डेकवरचं ग्रिल काका आणि ताईच्या ताब्यात. डाळ-तांदळाचा कुकर अटलांटाहून गाडीत टाकून न्यायचा, तो फक्त भाचीच्या मऊ भातासाठी. पोळ्या फ्रोझन. फोडणी शक्यतो नाहीच, कारण अमेरिकेतला स्मोक अलार्म मोहरी तडतडायची वाट बघत बसलेला असतो हे ताईला पक्कं ठाऊक आहे.

स्टुडंट्स असाल तर

आपल्या वयाचे जे एमएसवाले तिकडे आहेत, त्यांना मी केबिन सुचवणार नाही. त्यांच्यासाठी याच कॅम्पग्राऊंडवर तंबूची जागा आहे. एका जागेवर दहा जणांपर्यंत राहता येतं. वीज-पाण्याची जोडणी मिळते, गरम पाण्याची सार्वजनिक बाथरूम्स आणि कपडे धुण्याची मशीन्स जवळच असतात. तंबू आपला आपण आणायचा. भाडं केबिनच्या तुलनेत किरकोळ आणि शेकोटी, बोट, लवकर प्रवेश, मिरवणूक हे सगळं तेच. एका अटीवर, पावसाळा टाळा.

आणखी एक वाट आहे. नव्या केबिन्स 'डिस्ने व्हेकेशन क्लब' या मेंबरशिपचा भाग आहेत. मेंबर दरवर्षी मिळणाऱ्या पॉइंट्सवर राहतात आणि काही मेंबर आपले पॉइंट्स भाड्याने देतात. त्यात केबिन स्वस्त पडू शकते. पण अशा बुकिंगमध्ये प्लॅन बदलला की पैसे परत मिळणं कठीण असतं. व्हिसा आणि आजी-आजोबांची तब्येत यांवर ट्रिप अवलंबून असेल, तर हा धोका नीट तोलून बघा.

मग ठरलं काय?

मतदान झालं. चार विरुद्ध एक, भाचीचं मत घोड्यांना. तीन रात्री केबिन, गोल्फ कार्टसकट. मॅजिक किंगडम एक दिवस, ॲनिमल किंगडम एक दिवस, आणि मधला दिवस पूर्ण मोकळा. विरोधी मत अर्थात काकांचं. त्यांना अजूनही किसिमीच्या चार बाथरूम्सचं घर दिसतंय, आणि तीन पार्क्स एका ट्रिपमध्ये व्हायला हवे होते असं त्यांचं म्हणणं आहे. पुन्हा कधी येणं होईल सांगता येत नाही, हा त्यांचा मुद्दा कुणाला खोडता आला नाही. पण आत्याचं म्हणणं नेमकं उलटं होतं. पुन्हा कधी सगळे असे बसू सांगता येत नाही, म्हणून एक दिवस बसायचा ठेवा.

तुमच्या घरातलं उत्तर वेगळं असू शकतं. बुकिंग करण्याआधी एवढं विचारून घ्या. गाडी आहे का? कुणाचे गुडघे दुखतात? एका बाथरूमवर किती जण भागवू शकतात? स्वयंपाक कोण करणार, हे त्या माणसाला विचारलंय का? आणि एक आख्खा दिवस पार्कला न जाण्याची सगळ्यांची तयारी आहे का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आलं, तर केबिनचा टॅब बंद करा आणि दोन खोल्यांचे दर बघा.

आमच्याकडे आता फक्त सकाळच्या बाथरूमचं टाइमटेबल बाकी आहे. ते काका करतायत.